आमच्या डब्यातली माणसं

रेल्वेच्या हिशेबात सीएसएमटीपासून उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८ आणि वांगणी ७९. म्हणजे वांगणी ते उल्हासनगर झाले २१. हाफ मॅरेथॉनही २१ किलोमीटर, वर ९७ मीटर. त्यामुळे इथे कुणाला हे अंतर समजावून सांगावं लागत नाही. ‘उल्हासनगरपर्यंत पळायचं’ म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘का? गाड्या बंद आहेत?’

*

ठरलंय ते असं : जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन, हाफ. ताई धावणार, मी तिची गाइड. एखाद्या संस्थेसाठी ठरावीक रक्कम जमवायचं कबूल केलं की त्या संस्थेतर्फे धावता येतं. आम्ही कॅन्सरच्या पेशंटांसाठी जमवतोय.

ताई आमच्या मागच्या गल्लीत राहते. जन्मापासून तिला दिसत नाही. लोकलमध्ये कार्डांची पाकिटं, कानातली, केसांचे चाप विकते. वांगणीत अशी अंध कुटुंबं शेकड्यांनी आहेत. भाडं परवडतं आणि गाडी थेट मुंबईला जाते, एवढ्या दोन गोष्टींवर ही वस्ती वाढली. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा या घरांचं उत्पन्न एका रात्रीत थांबलं होतं. वर्तमानपत्रांत थोडेफार फोटो आले, धान्याची पाकिटं आली, मग गाड्या सुरू झाल्या आणि सगळे विसरले.

*

ताईने मला एकदा विचारलं, ‘आमच्या डब्यावर चित्रं कसली असतात गं?’

‘व्हीलचेअर. आणि शेजारी खेकडा.’

‘खेकडा?’

‘कॅन्सरवाल्यांचा. त्यांनाही तोच डबा.’

ती इतकी हसली की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. ‘म्हणजे मी रोज खेकड्यात चढते होय!’

हा डबा लहान. लोकांच्या तोंडी तो अजून ‘अपंगांचा डबा’च आहे. आत धडधाकट दिसणारं कुणी चढलं की लगेच हटकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. फुकटे घुसतात म्हणून जागा राखावी लागते. पण कॅन्सरचा पेशंट बऱ्याचदा धडधाकटच दिसतो. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण केमो सुरू असताना लेडीजमध्ये उभी राहू शकेना, म्हणून त्या डब्यात चढली. डोक्याला स्कार्फ, तोंडाला मास्क, हातात फाइल. आतून आवाज आला, ‘ओ बाई, लेडीज पुढे आहे.’ ती काही बोलली नाही. दादरपर्यंत दाराशी उभी राहिली.

पुढच्या खेपेला ताई त्या डब्यात होती. पुन्हा तेच, ‘लेडीज पुढे आहे.’ आता गंमत अशी, की डब्यातल्या निम्म्या लोकांना स्कार्फ दिसतच नव्हता. त्यांच्यापुढे स्कार्फचा काय उपयोग? ताईने तिचा दंड चाचपला आणि हळूच विचारलं, ‘काय होतंय तुम्हाला?’ मैत्रिणीने कानात सांगितलं. ताई खणखणीत आवाजात म्हणाली, ‘कॅन्सर आहे बाईंना. सरका.’

जागा झाली. एकाने पाण्याची बाटली पुढे केली.

मैत्रीण नंतर मला म्हणाली, सोसायटीत अजून माहीत नाही, ऑफिसात ‘लहानसं ऑपरेशन’ सांगितलंय. तो शब्द घराबाहेर पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला तो कानातली विकणाऱ्या बाईने, भर गाडीत. राग आला का, असं मी विचारलं. ‘नाही गं. बसायला मिळालं,’ म्हणाली.

*

शर्यतीचं निघालं तेव्हा कुणासाठी पळायचं यावर मी चारपाच नावं पुढे केली. ताईने ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘कॅन्सरवाल्यांसाठी पळू. आमच्या डब्यातली माणसं आहेत ती.’

*

दोरी : जुन्या बुटाची नाडी, दोन टोकांना दोन फासे. एक माझ्या डाव्या हाताला, दुसरा तिच्या उजव्या. लांब ठेवली तर पायात येते, आखूड ठेवली तर कोपरं एकमेकांवर आपटतात. ओढायचं नाही, हा पहिला नियम. दोरी हात मोकळे ठेवण्यापुरती. रस्ता सांगायचा तो तोंडाने.

नुसतं ‘खड्डा’ म्हणून भागत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. कुठल्या बाजूला, किती पावलांवर, ओलांडायचा की वळसा घालायचा? आता आमची भाषा पक्की झाली आहे. ‘डावीकडे अर्धा’ म्हणजे अर्धं पाऊल सरक. ‘उचल’ म्हणजे स्पीडब्रेकर. ‘कुत्रं, झोपलंय’ आणि ‘कुत्रं, जागं आहे’ या दोन वेगळ्या सूचना.

धावण्याच्या पुस्तकांत एक नियम असतो : सरावातलं बहुतेक धावणं अशा वेगाने करावं की बोलता आलं पाहिजे. आम्हाला तो पाळावा लागत नाही, आपोआप पाळला जातो. गाइडला गप्प बसण्याची सोयच नाही. मी बोलायची थांबले की ताई ओळखते, ‘दमलीस. चाल आता.’

*

रस्ता कर्जतकडून बदलापूरला जाणारा. पहाटे नर्सऱ्यांच्या बाजूने ओल्या मातीचा आणि शेणखताचा वास येतो. त्यावरून ताई सांगते, आता मोरी येईल. मोरीवर आमच्या पावलांचा आवाज पोकळ होतो. पश्चिमेला चंदेरीचा सुळका. सूर्य भीमाशंकरच्या बाजूने वर येतो तेव्हा पहिलं ऊन त्याच्या डोक्यावर पडतं. एकदा मी ते वर्णन करायला लागले.

‘रंग नको सांगूस,’ ताई म्हणाली. ‘चढ आहे का ते सांग.’

*

चामटोलीच्या बाजूला आलं की कुणी ना कुणी तो दिवस काढतंच. २७ जुलै २०१९, उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे अडकली. हजारावर प्रवासी होते, त्यांना बोटींतून बाहेर काढलं. आज तिथे उसाच्या रसाची गाडी लागते.

*

वांगणीतलं सगळ्यात गाजलेलं धावणं मात्र काही सेकंदांचं आहे. १७ एप्रिल २०२१. फलाटावरून एका अंध आईचा सहा वर्षांचा मुलगा रुळांवर पडला. समोरून एक्सप्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून गाडीच्या दिशेने धावले, मुलाला वर ढकललं, मग स्वतः चढले. ते चित्रण देशभर फिरलं. रेल्वेने ५० हजारांचं बक्षीस दिलं, त्यातले निम्मे त्यांनी त्या मुलासाठी देऊ केले.

त्यांनी कसला सराव केला असेल? पण बक्षिसाचे अर्धे पैसे देऊन टाकायलाही काही तरी सराव लागत असावा, असं मला या वर्गणीच्या निमित्ताने वाटायला लागलं आहे.

*

तर वर्गणी. पायांचं सोपं आहे : आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्या, गुडघा कुरकुरला की थांबा. पैसे मागायचा सराव कुठलंच पुस्तक शिकवत नाही.

लेडीज डब्याला वर्गणी नवी नाही. दसऱ्याला गाडीची पूजा होते, हार येतात, पेढे वाटले जातात; अर्ध्या तासात पैसे गोळा होतात आणि हिशेबही चोख असतो. मी म्हटलं, त्याच सुरात मागू. ‘टाटाच्या पेशंटांसाठी आहे’ असं म्हणाले आणि डबा गप्प झाला. भाजी निवडणारे हातसुद्धा थांबले.

मग एकेक करून बायका यायला लागल्या. सगळ्यांसमोर कुणी नाही. दाराशी, उतरण्याच्या गर्दीत. ‘सासरे. जिभेचा होता.’ ‘माझी मावशी, गर्भाशयाचा.’ ‘भाऊ. शेवटी फार हाल झाले हो.’ पैसे देताना प्रत्येकीने कुणाचं तरी नातं सांगितलं. मी वहीत रक्कम लिहीत होते, पुढे नातंही लिहायला लागले. आता ती वही रकमांपेक्षा नात्यांचीच जास्त झाली आहे.

एक म्हणाली, ‘दोनशे घ्या, पण नाव लिहू नका. मुलीचं ठरायचंय. घरात कॅन्सर म्हटलं की माणसं मागे हटतात.’ तिच्या ओळीत मी फक्त २०० लिहिले. नातंही नाही.

मोबाइलवरून देणाऱ्याही एकशे एक आणि पाचशे एकच पाठवतात. यंत्रालाही वरचा एक रुपया चुकत नाही.

*

‘गर्भाशयाचा’ इतक्या जणींच्या तोंडून आलं, की परवा डब्यात मी एक मुंबईतलीच गोष्ट सांगितली. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून इथल्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी झाली. तपासणी कसली, तर पातळ व्हिनेगर लावायचं आणि थोडा वेळ थांबायचं. पेशी बदलायला लागल्या असतील तर पांढरा डाग उमटतो. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावी झालेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले : तपासलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

‘व्हिनेगर म्हणजे चायनीजमधलं?’ एकीने विचारलं.

घरी करायची गोष्ट नव्हे, हे मला तीनतीनदा सांगावं लागलं. पण बदलापूर येईपर्यंत दोघींनी तपासणीला जायचा वार ठरवला. एकीला एकटीने जायचं नव्हतं, इतकंच अडलं होतं.

*

‘बुटांचे पैसेच देऊन टाकले असतेस तर?’ असं घरात विचारलं गेलं. प्रश्न खोटा नाही. बूट, प्रवेशिका, येणं-जाणं मिळून बरीच रक्कम होते, आणि टीशर्टच्या पाठीवर इतक्या कंपन्यांची नावं असतात की पेशंट कुठे आहे ते शोधावं लागतं.

ताईला सांगितलं तर म्हणाली, ‘दिले असतेस. मग डब्यात मागायला कोणत्या तोंडाने गेली असतीस?’

*

टेरी फॉक्सची गोष्ट मी ताईला तुकड्या-तुकड्यांत सांगितली, चढ लागला की एक तुकडा.

कॅनडाचा मुलगा. हाडाच्या कॅन्सरने १९७७ मध्ये उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला. वॉर्डात लहान मुलं बघितली आणि ठरवलं, देश पळत पार करायचा आणि संशोधनासाठी पैसे जमवायचे. कृत्रिम पायावर सराव केला. १९७९ मधल्या पहिल्या शर्यतीत शेवटचा आला. १२ एप्रिल १९८० ला अटलांटिकच्या काठावरून निघाला आणि रोज जवळजवळ एक मॅरेथॉन पळत राहिला. सुरुवातीला रस्त्यावर कुणी बघायलाही नव्हतं. मग गावंच्या गावं उभी राहायला लागली. १४३ दिवस, ५३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला छातीत दुखायला लागलं. कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला, वय २२.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग, ‘पैसे किती जमले?’

त्याची इच्छा होती, देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर. तेव्हाची लोकसंख्या २ कोटी ४० लाख. तो असतानाच, फेब्रुवारी १९८१ पर्यंत, आकडा त्यावर गेला.

‘माणशी एक,’ ताई म्हणाली. ‘बरोबर मागितले. शंभर मागितले असते तर हिशेब करत बसले असते.’

विक्रेत्या बाईचं मत आहे ते. मी वहीत लिहून ठेवलं.

त्याच्या नावाच्या धावण्यात बक्षीस नसतं, पहिला नंबर नसतो. मुंबईतही ती झाली आहे.

*

आपल्याकडे लता करे आहेत. बारामतीच्या. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून साठी उलटल्यावर त्या नऊवारी नेसून शर्यतीत उतरल्या, अनवाणी धावल्या, ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला. सगळे त्यांच्या जिद्दीबद्दल लिहितात. मला दर वेळी प्रश्न पडतो तो तपासणीच्या बिलाचा. साठीच्या बाईला त्यासाठी पळावं लागलं, यात टाळ्या वाजवण्यासारखं नक्की काय आहे?

आमचंही तेच आहे म्हणा. पेशंटला निवारा मिळावा म्हणून दोन बायकांनी उल्हासनगरएवढं पळायचं, ही काही फार शहाणी व्यवस्था नाही. पण ती शहाणी होईपर्यंत लोकांनी झोपायचं कुठे?

*

टाटा रुग्णालय परळला उभं राहिलं २८ फेब्रुवारी १९४१ ला. मेहरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढल्या वर्षी त्यांचे पती दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टने हे रुग्णालय बांधलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. बिहार, बंगाल, विदर्भ, कुठून कुठून माणसं येतात. उपचार स्वस्तात किंवा फुकट होऊ शकतात, पण ते महिनोन्‌महिने चालतात आणि मुंबईत खोली मिळत नाही. हिंदमाताच्या पुलाखाली पातेली मांडून बसलेली कुटुंबं हीच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं सदन, अशा जागांनी किती जणांना आसरा दिला असेल! तरी रांग संपत नाही.

मुलांचं आणखी अवघड. केमोने पांढऱ्या पेशी घटतात, साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. फुटपाथवर राहून केमो घेता येत नाही. मग आईबाप कंटाळून, कर्ज काढून थकून, उपचार अर्धवट टाकतात आणि गावाला परततात. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून नेमकं हेच बघतं : उपचार चालू असलेल्या मुलाला आणि आईबापांना फुकट राहायला जागा. कॉटन ग्रीनला बंदराच्या जुन्या इमारतींत त्यांची केंद्रं आहेत. प्रत्येक कुटुंबाची जागा वेगळी, स्वयंपाकघर सामाईक, शिधा संस्थेचा आणि रांधायचं आईनेच. आसामची आई आणि बीडची आई शेजारशेजारच्या शेगड्यांवर.

आमची वही तिकडे जाणार आहे.

*

मैत्रिणीचे उपचार आता संपलेत. रविवारी आम्ही परत येतो तेव्हा ती फाटकापाशी भेटते आणि शेवटचा टप्पा तिघी चालतो. चालायला डॉक्टरांनीच सांगितलंय. २०२५ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला : मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण, शस्त्रक्रिया आणि केमो झालेले. निम्म्यांना तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करवला, बाकीच्यांना व्यायामाची माहितीपुस्तिका दिली. पाच वर्षांनी आजार न उलटता राहिलेले व्यायामाच्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ७४. औषधांऐवजी व्यायाम असं कुणी म्हणत नाही. औषधं झाल्यावर व्यायाम, एवढंच. तिचा कॅन्सर वेगळा, त्यामुळे हे आकडे तिचे नव्हेत. पण तिला ती माहितीपुस्तिकेची गंमत वाटली. ‘नुसतं वाचून काही होत नाही म्हणजे,’ म्हणाली.

*

टीशर्ट उल्हासनगरला छापून घेतले. मागे काय लिहायचं यावर वाद झाला. ताई म्हणाली, ‘मला काय, कोरा चालेल. पण मागच्याला कळलं पाहिजे की मला दिसत नाही, नाही तर धक्के मारतील.’ म्हणून तिच्या पाठीवर ‘अंध धावपटू’ आणि माझ्या पाठीवर ‘गाइड’. खाली लहान अक्षरांत कॅन्सरच्या पेशंटांचं. छापणाऱ्याने पैसे कमी घेतले. का, ते सांगितलं नाही. मी वहीत त्याच्यापुढे नात्याची जागा रिकामी ठेवली आहे.

*

आता पळणं कमी. शर्यतीआधीचे दोन आठवडे अंतर उतरवत न्यायचं, पायांना विश्रांती. डोक्याला मात्र नाही. हाफ माहीमहून सुटते, पहाटे. मॅरेथॉनच्या दिवशी रेल्वे खास लोकल सोडते, पण वांगणीहून निघून त्या वेळेला माहीम गाठणं कठीण. त्यामुळे शनिवारी रात्री ताईच्या आत्याकडे, धारावीला. आत्याच्या घरी आधीच सात माणसं. ‘दोघी मावाल,’ म्हणाली.

सीलिंकवर वारा असतो, तिथे ऐकू येत नाही म्हणतात. म्हणून खुणा ठरवल्या : दोरीला एक हिसका म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. पेडर रोडच्या चढाचं मी सांगून ठेवलंय. तिचं म्हणणं, आमच्या स्टेशनचा पूल रोज मालाची पिशवी घेऊन चढते, पेडर रोड काय सांगतेस.

तिला वेगळीच काळजी आहे. छातीवर नंबर लावायला पिना लागतात ना? किती? चार. आणि माणसं किती? हजारो.

‘पिना आयोजकच देतात, ताई.’

‘हरवतात की.’

शनिवारच्या पिशवीत तिने पिनांची दोन पाकिटं टाकली आहेत. भाव ठरलाय : दहाला चार. त्यातला रुपया वहीत.